जेवलास का?

परदेशात मी आयुष्यात एकदाच गेलो, तेही विमानानं नाही. कल्याणहून गोरखपूरची गाडी, तिथून एस.टी.सारखी खडखडणारी बस, आणि सोनौलीला एक कमान. कमानीच्या अलीकडं आपला देश, पलीकडं नेपाळ. पासपोर्ट नाही, व्हिसा नाही. कमान ओलांडली आणि आमच्यातल्या एका पोरानं मोबाईल बघून सांगितलं, "काका, घड्याळ पंधरा मिनिटं पुढं करा." एवढाच काय तो परदेश. मी घड्याळ पुढं केलं नाही. म्हटलं, सोळा-सतरा दिवसांसाठी कशाला? करंजाड्याचाच वेळ राहू दे हातावर.

२५ एप्रिल २०१५ ला, शनिवारी दुपारी बाराच्या सुमाराला नेपाळात भूकंप झाला. ७.८ तीव्रतेचा. १२ मे ला पुन्हा ७.३ चा हादरा. जवळजवळ नऊ हजार माणसं गेली. तिकडं शनिवारी शाळांना सुट्टी असते आणि दुपारच्या वेळी पुष्कळशी माणसं रानात होती, म्हणून निदान तेवढ्यावर निभावलं. रात्री झाला असता तर काय झालं असतं ते किल्लारीनं आपल्याला १९९३ सालीच दाखवलेलं आहे. तिथं माणसं गणपती विसर्जन करून झोपली होती.

पनवेलच्या एका मंडळानं चौदा माणसांची तुकडी करायची ठरवली. पावसाळ्याच्या तोंडावर गोरखा जिल्ह्यातल्या एका गावात पत्र्याचे निवारे उभे करायचे. बाकी सगळी तरुण पोरं. मला घेतलं ते एकाच गुणासाठी. मला बांबू बांधता येतो. गोठा म्हणा, मांडव म्हणा, माळ्यावरची उतरंड म्हणा, मी हातानं उभी केलेली आहे. मी छप्पन्न वर्षांचा होतो. घरकारीण म्हणाली, "धोंड्याचा महिना तोंडावर, जावई येनार, आनि तुमी निघालात डोंगरावर!" त्या साली अधिक आषाढ होता. खरं सांगायचं तर मला घराबाहेर पडायचंच होतं. पाऊस सुरू झाला की मला घरात बसवत नव्हतं.

त्याचं कारण सांगायला पाहिजे. आमची खाचरं २००९ साली भरावाखाली गेली. नवं शहर यायचं होतं, ते आलं. मोबदला मिळाला, साडेबारा टक्क्यांचे कागद झाले, त्याचं रडगाणं मी इथं गात नाही. पण जून लागला, गाढीचं पाणी गढूळ झालं, समोर कर्नाळ्याचा सुळका ढगात गेला, की पायांना कळायचं. मन एक वेळ समजावता येतं, पाय समजत नाहीत. सहा पावसाळे माझ्या पायांना चिखल लागला नव्हता.

जाताना घरकारणीनं पिशवीत तांदळाचं पीठ दिलं आणि प्लास्टिकच्या तीन पिशव्या एकात एक घालून सुकट दिली, सुका जवळा. म्हणाली, "परमुलखात तोंडाला चव नाय राहात." पण सुकटीला कितीही पिशव्या घाला, ती काय लपून राहते? नाशिक यायच्या आत डब्यात बोंब झाली. समोरच्या बाकावर एक वयस्क पंडितजी होते, त्यांनी नाकाला उपरणं लावलं ते सोडेचनात. शेवटी आमच्या तुकडीचे प्रमुख, निवृत्त शिक्षक, आम्ही त्यांना नुसतं सर म्हणायचो, त्यांनी हात जोडले. मी भुसावळला उतरून फलाटावरच्या मांजरीपुढं पिशवी मोकळी केली. त्या मांजरीच्या सात पिढ्यांनी समुद्र बघितला नसेल, पण तिला ओळख पटायला क्षणही लागला नाही. मी मात्र डब्यात येऊन गप्प बसलो. तुम्हाला हसू येईल, पण घर सुटल्याची पहिली जाणीव मला तिथं झाली.

गोरख्याला पोचायला सोनौलीपासून अख्खा दिवस लागला. बुटवल, नारायणघाट, मुग्लिंग. एका बाजूला डोंगर कोसळलेला, दुसऱ्या बाजूला खाली नदी. पण एक गंमत होती. सगळ्या पाट्या देवनागरीत. दुकानांची नावं, बसच्या पाट्या, शाळा, दवाखाना. दहावी शिकलेला माणूस मी. मद्रासला एकदा गेलो होतो तेव्हा निरक्षर झाल्यासारखं वाटलं होतं. इथं परदेशात मला सगळं वाचता येत होतं. अर्थ निम्मा लागायचा, निम्मा अंदाजानं. आणि गावाचं नावच गोरखा, गोरखनाथावरून पडलेलं. त्यांची गुहा तिथल्या डोंगरावर, राजवाड्याला लागून आहे. गोरक्षनाथांचे शिष्य गहिनीनाथ, गहिनीनाथांचे निवृत्तिनाथ आणि निवृत्तिनाथांचे आपले ज्ञानोबा. आमच्या आळंदीचं मूळ या डोंगरापर्यंत येऊन पोचतं हे कीर्तनात शंभर वेळा ऐकलं होतं, पण तो डोंगर डोळ्यांनी बघताना हात आपोआप जोडले गेले.

गाव गोरखा बाजाराच्या पुढं तीन तास चालत. दगड-मातीची घरं, एकही उभं नाही. दगडाचा ढीग, त्यात अडकलेली लाकडं, वर निळी ताडपत्री. सरकारनं तात्पुरत्या निवाऱ्यासाठी घरटी पंधरा हजार नेपाळी रुपये जाहीर केले होते. आपल्या शंभराचे त्यांचे एकशे साठ होतात, यावरून हिशेब करा. आम्ही पत्रे नेले होते, बांबू तिथलाच. पत्र्याला तिकडं जस्तापाता म्हणतात. बांबूची कमान करायची, त्यावर पत्रा वाकवून बसवायचा, दोन्ही तोंडं फळ्यांनी बंद करायची. आडवा बांबू बांधायला मी काथ्या काढला तर एका म्हाताऱ्यानं मान हलवली आणि ओल्या बांबूची सालपटं काढून दिली. "चोया," तो म्हणाला. आम्हीही त्याला चोयच म्हणतो. मी त्याच्याकडं बघितलं, त्यानं माझ्याकडं. त्या दिवसापासून आमचं दोघांचं जमलं. बोलणं काही नाही, नुसत्या गाठी.

मग मी असल्या गोष्टी वेचायचाच नाद लावून घेतला. पोरं संध्याकाळी मोबाईलला रेंज कुठं मिळते ते शोधत टेकाडावर चढायची, मी गावात फिरायचो. ढिगाऱ्यातून काढून ठेवलेलं जातं दिसलं. त्याला ते जाँतो म्हणतात. पायानं दाबून भात कांडायचं लाकडी यंत्र, ढिकी. पाखडायला सुपाच्या जागी गोल नाङ्लो. ओटा शेणानं आणि तांबड्या मातीनं सारवलेला. भिंत पडली होती, पण उरलेला ओटा बाया रोज सारवत होत्या. आणि एका पडक्या पडवीत खुंटीला इरलं टांगलेलं! बांबूच्या पट्ट्यांचं, आत पानं भरलेलं, पाठीवरून डोक्यापर्यंत येणारं. आमच्याकडं इरली जाऊन प्लास्टिकची खोळ आली त्याला तीस वर्षं झाली. तिकडं त्याला घुम म्हणतात. मी ते खुंटीवरून काढून डोक्यावर घेतलं आणि तसाच उभा राहिलो.

"खाना खानुभयो?" मागून आवाज आला.

घराची मालकीण. सत्तरीची असेल. नाकात मोठी फुली, कमरेला पटका गुंडाळलेला. सगळं गाव तिला आमा म्हणायचं, म्हणजे आई. तिच्या प्रश्नाचा अर्थ कळायला दुभाषी लागला नाही. जेवलास का? आमच्या आगरी घरांत कुणी दारात आलं की दुसरं काही विचारत नाहीत. कसा आहेस, कुठून आलास, ते नंतर.

पण आमच्या तुकडीचा नियम होता. ज्यांचं सगळं गेलंय त्यांच्या घरी खायचं नाही. आपला शिधा आपण आणलाय, तोच शिजवायचा. नियम योग्यच होता. म्हणून मी हातानं पोट भरल्याची खूण केली. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा विचारलं, मी पुन्हा तीच खूण केली. तिसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता, आमची चूलही पेटली नव्हती तेव्हा मी तीच खूण केली आणि पकडला गेलो. तिनं नातवाला बोलावलं. अकरा-बारा वर्षांचा पोरगा, टीव्हीवर बघून बघून हिंदी शिकलेला. तो म्हणाला, "आमा पूछती है, हमारे घर में दीवार नहीं है इसलिए नहीं खाते क्या?"

मी खाली बसलो. ताडपत्रीखाली लोखंडी तिवईवर भांडं होतं. तिनं ताटलीत भात वाढला, त्यावर काळ्या डाळीचं पाणी, आणि बाजूला बोटभर चटणी. ती बोटाला लागली आणि मी थांबलो. वास! निखाऱ्यावर भाजलेली बारीक सुकी मासळी, मिरची, मीठ, वाटलेलं. समुद्र कुठं आणि हा डोंगर कुठं! नातू म्हणाला, "सिद्रा." नदीतले बारके मासे वाळवून बाजारात विकायला येतात. भुसावळच्या फलाटावर मांजरीला दिलेलं घर मला इथं आठशे कोसांवर कुणीतरी परत आणून दिल्यासारखं झालं. मी डोळ्यांतलं पाणी मिरचीवर ढकललं.

संध्याकाळी मी पिशवीतलं पीठ घेऊन गेलो. गरम पाण्यात उकड काढून मळलं, तिच्या चुलीवर, तिच्या कढईच्या पाठीवर भाकऱ्या थापून भाजल्या. पहिल्या दोन तुटल्या. आमा खो खो हसली. भूकंप झाल्यापासून आजी हसली नव्हती असं नातू म्हणाला. तिसरी फुगली तेव्हा तिनं ती हातावर घेऊन उलटसुलट करून बघितली, अर्धी मोडून नातवाला दिली. त्यांचंही तांदूळ, आमचंही तांदूळ. तिनं त्याचा भात केला, आम्ही भाकर केली, एवढाच फरक.

आता मुख्य गोष्ट सांगतो, कारण ही सहल नव्हती आणि मीही तिथं नुसतं सुख वेचत नव्हतो.

आमाची दोन खाचरं खाली ओढ्याकाठी होती. घराजवळच्या कोरडवाहू मक्याच्या जमिनीला ते बारी म्हणतात आणि भाताच्या जमिनीला खेत. मी बघायला गेलो तर एका कोपऱ्यात रोप उभं. आम्ही राब भाजून त्यात पेरतो, ते चिखलात पेरतात, पण रोप ते रोपच. दुसऱ्या हादऱ्यानंतर, मे महिन्यातच तिनं ते टाकलं होतं. महिना उलटून गेला होता. मी एक काडी उपटून बघितली. बुडाला गाठ धरली होती, पानांची टोकं पिवळी. आमचा बापूस म्हणायचा, रोप एकवीस दिवसांचं असेल तर जावयासारखं वागवावं, महिन्याचं झालं की नोकरासारखं, त्यापुढं झालं की बैलाला घालावं. म्हातारं रोप फुटवा करत नाही.

"बीउ बुढो भयो," आमा म्हणाली. बी म्हातारं झालं. आणि मग, "मान्छे छैन." माणूस नाही.

तिचा मुलगा कतारला बांधकामावर होता. गावातली निम्मी तरुण पोरं तिकडंच, कुणी कतार, कुणी मलेशिया. भूकंप झाला तेव्हा तो येऊ शकला नाही. सून भूकंपात जायबंदी झाली होती, पोखऱ्याच्या दवाखान्यात होती. तिकडं लावणीला आपल्या इर्जिकीसारखी पद्धत आहे, तिला पर्म म्हणतात. आज मी तुझ्याकडं, उद्या तू माझ्याकडं, पैशाचा संबंध नाही. पण त्या वर्षी ज्याचं त्याला उरकत नव्हतं. कुणी कुणाकडं जायचं? म्हातारीनं खेत सोडून द्यायचं ठरवलं होतं.

रात्री मी सरांना म्हणालो, "मला दोन दिवस द्या. लावणी करून घेतो."

सर म्हणाले, "आपण घरं बांधायला आलोय. चाळीस निवारे सांगून पैसे गोळा केलेत. लोकांना हिशेब द्यायचाय. पाऊस डोक्यावर आहे."

मी म्हणालो, "छप्पर आठ दिवस थांबेल, रोप थांबणार नाही."

"छपराखाली माणूस आहे, रोपाखाली नाही," सर म्हणाले.

दोघांचंही खरं होतं. आजही मला वाटतं, दोघांचंही खरं होतं. शेवटी सरांनी मला आणि दोन पोरांना मोकळं केलं, पण एका अटीवर. आमाचा निवारा दुसऱ्याच दिवशी व्हायचा होता, तो यादीत शेवटी जाणार, कारण त्याला लागणारी माणसं मी काढून नेत होतो. मी आमाला नातवाकरवी विचारलं. तिनं एका क्षणात खेताकडं बोट केलं.

त्या पोरांच्या गमजा काय सांगू! एक पोर तर आमच्याच शेजारच्या गावचं, आजोबा-पणजोबा भातशेती केलेले, पण या पोराचा पाय पहिल्यांदा चिखलात जात होता. "काका, जळवा असतील का?" होत्याच. शेजारच्यानं बैलांची जोडी अर्ध्या दिवसासाठी दिली. नांगर लाकडी, हलका, आमच्यासारखाच. पण खाचर एवढं अरुंद की बैल वळवताना दर वेळी वाटायचं, आता खालच्या खाचरात जातो. मी रोप खणून मुठी बांधल्या. आमा आणि आणखी तीन बाया ओळीनं वाकल्या. मी त्यांना खुणेनं सांगितलं, रोप म्हातारं आहे, एकेका चुडात दोन-तीन नको, चार-पाच काड्या घ्या आणि जवळजवळ लावा. फुटवा होणार नाही तर तेवढी भर घालू. आमानं माझ्याकडं असं बघितलं, की तू मला सांगतोस? ती आधीपासून चारच लावत होती.

पाय घोट्याच्या वर चिखलात गेला आणि मी गप्प झालो. सहा वर्षांनी. चिखल तोच असतो. बोटांच्या फटींतून वर येतो तो तसाच येतो, वास तोच. मी ज्याला माझी जमीन, माझी जमीन म्हणून कुढत होतो, ती काय फक्त सात-बाराची होती का, असा प्रश्न मला वाकलेला असताना पडला. उत्तर आजही पूर्ण मिळालेलं नाही.

एका बाईनं गाणं सुरू केलं. असारात लावणीची गाणी म्हणतात तिकडं. दोन ओळी झाल्या आणि तिचा आवाज फुटला. तिची मुलगी गेली होती. मग कुणीच गायलं नाही. नुसता पाण्याचा आवाज आणि मुठी टाकल्याचा आवाज.

दुसरा दिवस ३० जून होता, म्हणजे त्यांच्या असार महिन्याची पंधरा तारीख. त्या दिवशी अख्ख्या नेपाळात दही-चिउरा खातात, लावणीचा सण म्हणून. चिउरा म्हणजे पोहे. दुपारी बांधावर आमानं ताटलीत पोहे ओतले, वर दही, थोडं केळं. मला हसू आलं. आमच्याकडं गोकुळाष्टमीला काल्याचे दही-पोहे असतात. तिनं एक म्हण सांगितली, नातवानं तिची हिंदी केली. असारात एक माना खायचा आणि मुरीभर पिकवायचं. आठ मान्यांची पाथी आणि वीस पाथ्यांची मुरी. मी त्याला आमची वीस मणांची खंडी समजावत बसलो. उतरणीला लावणी संपली. आमा म्हणाली, "तेरो पर्म बाँकी छ." तुझं पर्म माझ्यावर राहिलं. मी हातानं सोडून दे म्हटलं. ती रागावली. पर्म सोडून देता येत नाही.

त्याच रात्री पावसानं झोडपलं. आमच्या तंबूत पाणी आलं, म्हणून मी बॅटरी घेऊन आमाकडं धावलो. ताडपत्री मधोमध फाटली होती. नातवाला पोटाशी धरून ती घुम पांघरून बसली होती. पोराला सकाळी ताप चढला, तो तीन दिवस उतरला नाही. यादीतलं तिचं नाव मी मागं ढकललं नसतं, तर त्या रात्री त्यांच्या डोक्यावर पत्रा असता. सर मला काहीच बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी आम्ही चौदाही जणांनी मिळून तिचा निवारा चार तासांत उभा केला. चोयीच्या गाठी मी मारल्या, एकेक दोनदा ओढून बघितली. पण ती रात्र काही गाठीत बांधता येत नव्हती. मी स्वतःला विचारत होतो, तू लावणी कुणासाठी केलीस रे? तिच्यासाठी की तुझ्या पायांसाठी?

आमा मात्र पोराच्या कपाळावर फडकं ठेवता ठेवता मला विचारत होती, "खाना खानुभयो?"

तेव्हा मला आमची आईस आठवली. २००९ साली आमच्या खाचरांवर मुरूम टाकायला डोझर आला, तो दिवस. मी बांधावर मुठी आवळून उभा. दुपारी डोझर थांबला, चालवणारा पोरगा उतरून सावली शोधायला लागला. आईस भाकरीचं फडकं घेऊन सरळ त्याच्याकडं गेली. "जेवलास का रं पोरा?" मी ओरडलो तिच्यावर. आपली जमीन पुरतोय आणि तू त्याला भाकर देतेस? ती म्हणाली, "त्याची काय चूक? तो पन कोनाचा तरी पोर हाय. आनि आपल्या शेतावर आलेला उपाशी गेलाय का कवा?" तिच्या लेखी मुरमाखाली गेलं तरी ते आपलंच शेत होतं आणि त्यावर आलेला माणूस आपला पाहुणा होता. मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. २०११ साली ती गेली. चार वर्षांनी, परक्या देशात, एका तापलेल्या पोराच्या उशाशी बसून मला तिचं म्हणणं कळलं. घर पडतं, जमीन जाते. ज्याला अजून 'जेवलास का' विचारता येतं त्याचं सगळं गेलेलं नसतं.

४ जुलैला आम्ही निघालो. पोराचा ताप उतरला होता. चाळीसाचे सदतीस निवारे झाले. तीन कमी पडले, त्यात माझा वाटा होता, तो मी परतल्यावर मंडळाच्या बैठकीत उभा राहून सांगितला.

त्या सप्टेंबरात सीमेवरची वाहतूक अडली ती चार-पाच महिने अडूनच राहिली. नेपाळात गॅस नाही, डिझेल नाही, औषधांची चणचण, थंडीचे दिवस. पौषात एका संध्याकाळी माझ्या मोबाईलवर लांबलचक नंबर आला. आमाचा मुलगा, कतारहून. त्यानं मधे दुसरा फोन जोडला होता. आवाज तुटत होता. तो हिंदीत सांगत होता, गावात गॅस मिळत नाही, बाजारात तांदूळ दुप्पट झालाय, पण आमच्या घरी धान आहे. फार नाही झालं, नेहमीच्या निम्मं. पण वैशाखापर्यंत पुरेल. मग मागून म्हातारीचा आवाज आला, तोच प्रश्न. मी म्हणालो, "खाल्लं, आमा." या वेळी ते खरं होतं. निम्मं पीक म्हणजे काय हे सांगायला मला हिशेब लागत नाही. सरांना मी दुसऱ्या दिवशी घरी जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "तुमचं बरोबर होतं." मी म्हणालो, "निम्मं."

आता शेवटचं. आमची खाचरं होती तिथं सात मजल्यांच्या इमारती आहेत. त्यांतल्या एका फाटकावर कित्येक वर्षं एक नेपाळी राखणदार आहे. सगळे त्याला बहादूर म्हणतात, मीही म्हणायचो. येता-जाता तो सलाम करायचा, मी मान हलवायचो. नेपाळहून आल्यावर तिसऱ्या दिवशी मी त्याच्या केबिनपुढं थांबलो आणि म्हणालो, "खाना खानुभयो?"

तो खुर्चीतून उठलाच. बराच वेळ नुसता बघत राहिला. मग बोलायला लागला तो थांबेना. गाव पाल्पा जिल्ह्यात. घरी भाताची चार खाचरं, बायको एकटी करते. अकरा वर्षांत लावणीला गेला नाही. त्याचं नाव बहादूर नाही. मी त्याला म्हणालो, तू बसतोस ना ही केबिन, इथं बरोबर आमचा बांध होता. पाणी इकडून तिकडं उतरायचं. त्यानं खाली फरशीकडं बघितलं आणि पाय जरा बाजूला घेतले.

दर वर्षी जूनच्या अखेरीस घरकारीण दही-पोहे कालवून देते. साखर थोडी, केळं असलं तर केळं. डबा घेऊन मी फाटकावर जातो. आम्ही दोघं केबिनच्या पायरीवर बसून खातो. गाड्यांना फाटक उघडायला त्याला मधे मधे उठावं लागतं. पाऊस असतो. आमाचं पर्म मी असं फेडून घेतो, की तिचं मी फेडतो, याचा हिशेब काही मला लागत नाही. डबा रिकामा करून तो धुऊन देतो, आणि दर वेळी विचारतो, दादा, यंदा तुमच्याकडं लावणी कधी?

गेली काही वर्षं सासुरवाडीकडं अर्धलीनं थोडं भात करतो मी. त्याला सांगतो, रविवारी. सुट्टी मिळाली तर ये.